तीन दिवसांचा पास आणि आम्ही तिघं

परवा नणंदेचा फोन आला. पुढच्या जूनमध्ये ते दोघं लंडनला चाललेत आणि जावई विचारतोय की तुमच्यासाठी तो साईटसीइंगचा पास काढून ठेवू का. वहिनी, तुम्ही काढला होता ना, घेऊ का नको? पाऊण तास बोलले तरी माझं सांगून संपेना, मग म्हणलं लिहूनच काढते. आपल्या सोलापुरातनं हल्ली घरटी एक पोरगं बाहेर आहे, आईबाप सगळेच कधी ना कधी जाणार, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्ही गेल्या जुलैत गेलो होतो, लेकीच्या पदवीदान समारंभाला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथनं विमान. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच, त्याशिवाय सोलापूरचं माणूस घराबाहेर पडत नाही. लेकीनं आधीच लंडन पास काढून ठेवला होता, तिघांचा, तीन दिवसांचा. हा पास म्हणजे काय तर एकदाच पैसे भरायचे, मोबाईलवर क्यूआर कोड येतो, आणि मग टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स ही मोठी चर्चं, टॉवर ब्रिज, थेम्स नदीतली बोट, हॅम्प्टन कोर्ट असल्या कितीतरी ठिकाणी तो दाखवून आत जायचं, तिथं वेगळं तिकीट नाही. जितकी जास्त ठिकाणं बघाल तितका पास स्वस्त पडतो, सगळा खेळ एवढाच आहे. किंमत मी इथं देत नाही कारण ती सारखी बदलते आणि मधेच ऑफर लागते. पण एकेका ठिकाणची सुट्टी तिकिटं किती महाग ते कळावं म्हणून सांगते, टॉवर ऑफ लंडनचं साधारण ३५ पौंड आणि ॲबीचं ३० च्या आसपास, माणशी. रुपयात करून बघितलं की पोटात गोळा येतो.

ह्यांची अख्खी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, त्यामुळे विमानातच वहीवर हिशेब मांडून झाला होता. दिवसाला चार ठिकाणं बघितली की पास वसूल आणि वर फायदा. कागदावर बरोबर होतं ते.

आता पहिली गोष्ट, आणि नणंदेला मी हीच दोनदा सांगितली. पासचा दिवस म्हणजे २४ तास नाही, कॅलेंडरचा दिवस. पहिल्या ठिकाणी स्कॅन झाला की तो अख्खा दिवस मोजला जातो, तुम्ही सकाळी ९ ला जा नाहीतर दुपारी ४ ला. आम्हाला हे नीट कळलं नव्हतं. गुरुवारी दुपारी जेवून निघालो, साडेतीनला टॉवर ब्रिजवर पोचलो आणि स्कॅन केला, तिथंच एक दिवस गेला. दुसरं म्हणजे तिकडं जुलैत रात्री ९ पर्यंत लख्ख उजेड असतो, आपल्याला वाटतं अजून किती वेळ आहे, पण बहुतेक ठिकाणं ५-६ ला बंद होतात आणि आत सोडायचं त्याच्याही आधी थांबवतात. उजेडावर जाऊ नका, प्रत्येक ठिकाणाची लास्ट एंट्री किती वाजता ते आदल्या रात्री वेबसाईटवर बघून ठेवा.

पण टॉवर ब्रिजचा तो अर्धा दिवस वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. हा पूल १८९४ सालचा. मोठं जहाज आलं की मधला रस्ता दोन्ही बाजूंनी वर उचलला जातो. वर दोन मनोऱ्यांना जोडणारी वाट आहे, तिथं काचेची जमीन आहे, खाली ४२ मीटरवर नदी आणि बसेस दिसतात, पोरं त्याच्यावर झोपून फोटो काढतात. मी कडेकडेनं गेले. तिथनं खाली उतरून थोडं चाललं की इंजिनरूम लागते, तीही त्याच तिकिटात असते पण बरीच माणसं तिकडं जातच नाहीत. वाफेची मोठमोठी इंजिनं, हिरव्या रंगाची, पितळ चकचकीत घासलेलं. पूर्वी कोळसा जाळून वाफ करायचे, त्या वाफेवर पाणी दाबून साठवायचे आणि त्या दाबानं पूल उचलायचे. १९७६ पासून ते काम तेल आणि वीज करते, जुनी इंजिनं बघायला ठेवलीत.

हे त्या इंजिनासमोर उभे राहिले ते हलेचनात. माझे सासरे सोलापूरच्या जुन्या कापड मिलमध्ये होते. ह्यांचं लहानपण भोंग्यावर गेलं, भोंगा झाला की डबा घेऊन गेटवर जायचं, कधीतरी आत इंजिनखात्यापर्यंत जायला मिळायचं. तेलाचा वास, गरम लोखंड, जमिनीतनं पायाला लागणारी धडधड हे सगळं ह्यांनी मला लग्नानंतर कितीदा सांगितलंय, पण मी ते कधी बघितलं नव्हतं, आमच्या वेळेपर्यंत सोलापुरातल्या मिलची नुसती धुराडी उरली होती. ह्यांनी तिथं मला बोटानं दाखवून सांगितलं की हा फ्लायव्हील, हा दट्ट्या, ह्याला रोज तेल घालायला एक माणूस असायचा. लेक सारखी घड्याळ बघत होती, बाबा चला ना, बोट पण त्याच पासात आहे, आत्ता निघालो तर मिळेल. हे म्हणाले बोट उद्या मिळंल की. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तिथल्या माणसानं येऊन सांगितलं तेव्हा बाहेर पडलो. आपल्याकडं एवढ्या मिल होत्या, एकाही ठिकाणी एखादं इंजिनखातं असं पुसूनपासून, माहिती लावून ठेवता आलं असतं ना? नातवंडांना दाखवायला. ह्या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं आणि ते तिथं जास्त वाटलं.

शुक्रवारी सकाळी टॉवर ऑफ लंडन. उघडायच्या आधी जाऊन उभं राहा, पास असला तरी सिक्युरिटीची रांग चुकत नाही. नाव टॉवर असलं तरी तो अख्खा किल्ला आहे, आपल्या भुईकोटासारखा चारी बाजूंनी तट आणि खंदक, आता खंदकात पाणी नाही. आत गडद निळ्या-लाल पोशाखातले पहारेकरी फुकट टूर देतात, त्यांचं इंग्रजी पटपट असतं, लेक मधेमधे सांगत होती. डोमकावळे पाळलेत, ते गेले तर राज्य बुडेल अशी समजूत म्हणून कमीत कमी सहा तरी ठेवतातच.

मला मात्र कोहिनूर बघायचा होता. फोटो काढायला बंदी आहे. मुकुट ठेवलेत त्या काचेच्या बाजूनं सरकता पट्टा आहे, त्याच्यावर उभं राहायचं आणि तो आपल्याला पुढं नेतो, म्हणजे कुणी जास्त वेळ थांबू नये. कोहिनूर आहे एलिझाबेथ राणीच्या आईच्या मुकुटात, १९३७ च्या. मी मनात केवढा मोठा धरला होता, तसा तो नाही, १०५ कॅरेटचा आहे, आधी १८६ चा होता, तिकडं नेल्यावर १८५२ मध्ये पुन्हा कापला. १८४९ ला इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा तहात लिहून घेतला, तिथला महाराजा दुलीपसिंग तेव्हा १० वर्षांचा होता. १० वर्षांचं पोर, त्याच्याकडनं सही घेतली. पट्टा संपला, मी परत फिरून मागं आले आणि पुन्हा उभी राहिले. असं तीनदा केलं. लेक म्हणाली आई काय झालं, तर मला बोलता येईना.

मी सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्याच्या जवळच लहानाची मोठी झाले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही नावं शाळेत पाठ करायच्या आधी आजोबांच्या तोंडून ऐकलेली. मे १९३० मध्ये सोलापूरनं इंग्रजांचं राज्य झुगारलं, मग मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आजोबा सांगायचे मार्शल लॉमध्ये दिवसासुद्धा दार उघडायला माणसं भ्यायची. दर जानेवारीला आम्ही तिथं फुलं वाहायला जातो. आणि मी त्या राज्याच्या किल्ल्यात, मिलच्या गावची बाई, त्यांच्या मुकुटासमोर पासवर उभी. राग म्हणावा तर तसं नाही, पण डोळे भरून आले. तिथं एका बाकावर बसलो, भाकरी काढली, चटणी काढली, कुणी काही बोललं नाही.

ह्याच्यात तासभर गेला आणि त्याच्यामुळं त्या दिवशी ॲबी हुकली. बोटीनं वेस्टमिन्स्टरला उतरून धावत गेलो तर आत सोडायचं बंद झालं होतं. लेक हिरमुसली, तिनं सगळं बसवलं होतं बिचारीनं. ह्यांनी वहीत खाडाखोड केली. त्या रात्री आम्ही तिघांनी बसून ठरवलं की उद्या दोनच ठिकाणं, वसूल होऊ दे नाहीतर न होऊ दे.

शनिवारी सकाळी ॲबी. १०६६ पासून त्यांचे राज्याभिषेक तिथंच होतात, पण मला आवडली ती जमिनीवरची नावं. न्यूटन तिथं, डार्विन तिथं, आणि दोघांच्या जवळच स्टीफन हॉकिंगची रक्षा. शास्त्रज्ञांना राजांच्या शेजारी जागा दिली हे मला मनापासून पटलं. तिथनं सेंट पॉल्स. १६६६ च्या आगीत जुनं चर्च जळालं, मग ख्रिस्तोफर रेननं हे बांधलं. पार वरच्या गॅलरीपर्यंत ५२८ पायऱ्या आहेत, लेक आणि हे गेले, माझे गुडघे नाही म्हणाले. मधे एक कुजबुज ऐकू येणारी गॅलरी आहे, ती आम्ही गेलो तेव्हा बंद होती. मी खाली घुमटाखाली बसले आणि आठवला आपला विजापूरचा गोलघुमट. सोलापूरच्या प्रत्येक शाळेची सहल तिथं गेलेली असते, वर जाऊन प्रत्येकानं आपल्या नावानं हाक मारलेली असते. तो सेंट पॉल्सच्या आधीचा, १६५६ चा, आणि घुमट ह्याच्यापेक्षा मोठा, आत एक खांब नाही. दोन्ही बांधणारे एकाच शतकातले, एकमेकांना माहीत नसलेले. असं निवांत बसून सुचतं, पुढच्या ठिकाणाची घाई असली की सुचत नाही.

तीन दिवस संपल्यावर ह्यांनी बेरीज केली. आम्ही जेवढं बघितलं त्याची सुट्टी तिकिटं काढली असती तर थोडे पैसे वाचलेच असते. म्हणून पास वाईट असं नाही. पंचविशीतली पोरं असतील, सकाळी ८ ला बाहेर पडून संध्याकाळपर्यंत पळणारी, विंडसर, हॅम्प्टन कोर्ट असली लांबची महाग ठिकाणं करणारी, तर त्यांनी डोळे झाकून घ्यावा. आमच्या वयाच्या लोकांसाठी दुसरा एक प्रकार असतो, दिवसांवर नाही तर ठिकाणांवर, म्हणजे तीन नाहीतर चार ठिकाणं निवडायची आणि ती सवडीनं बघायची, रोज घड्याळ लावून पळावं लागत नाही. नणंदेला मी तोच घ्यायला सांगितलाय. आणि रविवार ॲबीला नि सेंट पॉल्सला धरू नका, रविवारी ती प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांसाठी नाही.

आपल्याकडं सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, अडुसष्ट शिवलिंगांना फिरतात. लहानपणी आजीबरोबर मी त्या मिरवणुकीत थोडं थोडं चालायची, कुठं थांबून हात जोडायचा, कुठं पाणी प्यायचं, ओळखीचं घर लागलं तर आत जाऊन बसायचं. मला फिरायची तीच सवय आहे आणि ती आता मोडणार नाही.

फुकट काय बघायचं हे पण सांगते, कारण लंडनमध्ये ते खूप आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, कुठंच तिकीट नाही, फक्त आधी ऑनलाईन वेळ बुक करून ठेवलेली बरी. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाचं शिल्पकाम आहे, तिथं दोन तास सहज जातात.

आणि १०, किंग हेन्रीज रोड. ते घर कुठल्या पासात नाही आणि तिथं तिकीटही नाही. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनवरनं चालत गेलो, शांत गल्ली, एका ओळीत सारखी घरं, आणि त्यातल्या एकावर त्यांचं नाव लिहिलेली निळी पाटी. दारात उभं राहून लेकीनं तिच्या पदवीदानाचा गाऊनमधला फोटो मोबाईलवर काढून बघितला, मग फोन ठेवून दिला आणि चपला नीट बाजूला काढून आत गेली. मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं.