पंचनाम्यात काय लिहिलं होतं?

नोव्हेंबर २०१५ मध्ये मी मिरजेला फोन करून अण्णांना शिकागोत पोलिसाच्या गोळ्यांनी मेलेल्या लक्वान मॅक्डॉनल्डची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी पोराचं वय विचारलं नाही की गोळ्या किती ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पंचनाम्यात काय लिहिलं होतं?"

अण्णा पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे निम्मी नोकरी ठाण्यात लिहिण्यात गेली. स्टेशन डायरी, जबाब, पंचनामे. ते नेहमी म्हणायचे, माणूस मेला की त्याच्या बाजूनं बोलायला फक्त कागद उरतो. लहानपणी मला ते नुसतं वाक्य वाटायचं. त्याचा अर्थ मला शिकागोत आल्यावर कळला.

घटना २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री दहाच्या सुमाराची. शिकागोच्या नैऋत्य भागातला पुलास्की रोड. लक्वान सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, लहानपणापासून सरकारच्या देखरेखीखाली, कधी नातेवाइकांकडे तर कधी परक्यांकडे वाढलेला. त्या रात्री त्याच्या हातात तीन इंची पात्याचा चाकू होता, अंगात नशा होती. त्यानं पोलिसांच्या गाडीचा एक टायर भोसकला होता. हे काहीच मी लपवत नाही, कारण आपल्याकडच्या ग्रुपवर पहिला सवाल हाच येतो, "हातात चाकू होता ना? मग?" त्याच्यामागून चालत आलेल्या पोलिसांनी गोळी झाडली नव्हती. विजेचा झटका देणारी टेझर बंदूक आहे का, अशी विचारणा त्यांनी वायरलेसवर केली होती आणि ते वाट बघत होते. तेवढ्यात आणखी एक गाडी आली. तिच्यातून जेसन व्हॅन डाईक नावाचा अधिकारी उतरला आणि उतरल्यापासून सहाएक सेकंदांत त्यानं गोळ्या झाडायला सुरुवात केली. एकूण सोळा. पहिल्या एकदोन सेकंदांतच लक्वान खाली पडला होता. बाकीच्या गोळ्या रस्त्यावर पडलेल्या शरीरात गेल्या. तिथे हजर असलेल्या बाकी एकाही पोलिसानं गोळी झाडली नाही.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. त्या रात्री पोलीस संघटनेच्या प्रवक्त्यानं वार्ताहरांना सांगितलं की मुलगा पोलिसांच्या अंगावर धावून गेला. अहवालांतही तेच होतं: चाकू फिरवत तो पुढे आला, जिवाला धोका होता, म्हणून गोळी झाडावी लागली. कागदोपत्री हल्लेखोर म्हणून लक्वानचं नाव होतं आणि पीडित म्हणून पोलिसांचं. वेगवेगळ्या पोलिसांचे जबाब जवळजवळ एकाच भाषेत होते. हे ऐकल्यावर अण्णा फोनवर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चार माणसं एकच अपघात बघतात तेव्हा चार तऱ्हेनं सांगतात गं. चारही जबाब सारखे आले, की समजायचं एकानंच लिहिलेत."

आणि खरं काय घडलं ते पोलिसांच्याच गाडीत बसून होतं. एका गाडीच्या पुढच्या काचेतल्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. आवाज नव्हता, पण चित्र स्वच्छ होतं. लक्वान पोलिसांपासून बाजूला सरकत, दुसऱ्या दिशेनं चालला होता.

हा व्हिडिओ लोकांना दिसायला चारशे दिवस लागले. त्या चारशे दिवसांबद्दल मला अजून राग येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये जेमी कॅल्व्हन या पत्रकारानं शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून छापला, तेव्हा सोळा गोळ्यांचा आकडा पहिल्यांदा बाहेर आला. ७ एप्रिलला महापौरपदाची दुसरी फेरी झाली आणि राम इमॅन्युएल पुन्हा निवडून आले. त्यानंतर आठवड्याभरात, १५ एप्रिलला, नगरपरिषदेनं लक्वानच्या कुटुंबाला ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं तीसेक कोटी रुपये, द्यायला मंजुरी दिली. कुटुंबानं अजून दावाही लावला नव्हता. एकाही नगरसेवकानं विरोधात मत दिलं नाही. तपास चालू असेपर्यंत व्हिडिओ बाहेर काढायचा नाही, अशी अट त्या करारातच होती. पुढे ब्रँडन स्मिथ नावाच्या एका मुक्त पत्रकारानं माहितीच्या अधिकाराखाली दावा लावला, न्यायाधीशांनी व्हिडिओ द्यायचा हुकूम केला, तेव्हा कुठे २४ नोव्हेंबर २०१५ ला तो जगासमोर आला. व्हॅन डाईकवर खुनाचा आरोपही त्याच दिवशी, काही तास आधी, दाखल झाला. पुरावा सरकारी वकिलांच्या हातात कधीपासून होता. तो लोकांच्या हातात पडतोय म्हटल्यावरच हालचाल झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी नेहमीसारखी आली. ती कृष्णवर्णीय, माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी, शहराच्या दक्षिण भागात जन्मली आणि तिथंच राहते. जो तो हळू आवाजात व्हिडिओबद्दल बोलत होता. ती मला म्हणाली, "मी तो बघितला नाही, बघणारही नाही. माझ्या घरात सतरा वर्षांचा आहे." एवढंच बोलून ती कामाला लागली. मला काय बोलावं सुचलं नाही. मी चहा आणून तिच्यासमोर ठेवला.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, २७ तारखेला, आम्ही मिशिगन अव्हेन्यूवर होतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी इथं दुकानांतून मोठी सूट असते. आमच्या मुलाला हिवाळ्याचा कोट घ्यायचा होता, तो तेव्हा पाच वर्षांचा. गारठा होता, भुरभुर पाऊस होता. रस्ता मोर्च्यानं भरलेला, दुकानांच्या दारांपुढे माणसं हातात हात घालून उभी. ती सगळी मिळून मोठ्यानं आकडे मोजत होती, एक ते सोळा. मग थांबायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. माझा मुलगा नुकताच इंग्रजी अंक म्हणायला शिकला होता. त्याला वाटलं हा काहीतरी खेळ आहे, आणि तोही त्यांच्याबरोबर मोजायला लागला. मोठ्या आनंदानं सोळापर्यंत मोजलं त्यानं. त्याचं तोंड दाबावं की त्याला मोजू द्यावं, मला कळेना. मी त्याला कडेवर घेतलं आणि मोजू दिलं. कोट न घेताच आम्ही स्टेशनवर परत आलो.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. पोलीसप्रमुखांना महापौरांनी काढलं, सरकारी वकील पुढची निवडणूक हरल्या, महापौरांनी नगरपरिषदेत माफी मागितली आणि नंतर तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही असं ठरवलं. केंद्रीय न्याय विभागानं वर्षभर चौकशी करून जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. शिकागोचे पोलीस गरज नसताना बळ वापरतात आणि त्याची झळ कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांना जास्त बसते, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. व्हॅन डाईकविरुद्ध आधीच्या नोकरीत वीसएक तक्रारी झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीतही त्याला खात्यानं शिक्षा केली नव्हती, हेही सगळ्यांना कळलं.

५ ऑक्टोबर २०१८ ला ज्यूरीनं त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनासाठी आणि प्रत्येक गोळीमागे एक अशा सोळा गंभीर मारहाणींसाठी दोषी ठरवलं. ड्यूटीवर असताना केलेल्या खुनासाठी शिकागोचा पोलीस दोषी ठरण्याची सुमारे पन्नास वर्षांतली ती पहिलीच वेळ. माझी सहकारी त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडली. शिक्षा ८१ महिन्यांची, म्हणजे पावणेसात वर्षांची झाली. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटला.

पण मला सांगायचंय ते त्या शिक्षेच्या आदल्या दिवसाबद्दल. १७ जानेवारी २०१९ ला, त्याच शहरात, अहवाल लिहिणाऱ्यांचा निकाल लागला. खोटे कागद तयार करून व्हॅन डाईकला वाचवायचा कट केला, असा आरोप तिघांवर होता: एक तपास अधिकारी, एक व्हॅन डाईकचा गाडीतला जोडीदार आणि एक गस्तीवरचा शिपाई. न्यायाधीशांनी तिघांनाही निर्दोष सोडलं. कट सिद्ध झाला नाही, असा निष्कर्ष. खटल्यात एक महिला पोलीस साक्षीला उभी राहिली होती. मी जे बोललेच नाही ते माझ्या नावावर लिहिलं गेलं, असं तिनं शपथेवर सांगितलं. आणि खरं बोलल्यावर सहकारी तिला चुगलखोर, गद्दार म्हणू लागले, हेही सांगितलं. तरी तिघे सुटले. गोळ्या झाडणाऱ्याला थोडीफार शिक्षा झाली. त्या गोळ्यांभोवती ज्यांनी शब्द रचले, त्यांना एका दिवसाचाही तुरुंग झाला नाही. काहींची नोकरी गेली, तेवढंच.

मला हे सगळ्यात भयंकर वाटतं. कॅमेरा नसता तर तोच कागद लक्वानचा अखेरचा इतिहास ठरला असता. त्याच्या आधीच्या किती मुलांचा ठरला असेल, ते मोजायला तर व्हिडिओही नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे नेपरव्हिलला आले. एका रविवारी शहराकडे जाताना मी हायवेवरून पुलास्कीला गाडी उतरवली आणि कडेला थांबवली. अण्णा उतरले. पोलिसांच्या गाड्या कुठं होत्या, मुलगा कुठून आला, कुठल्या दिशेनं वळला, हे त्यांनी मला एकेक करून विचारलं. मी आठवेल तसं दाखवलं. ते पावलं मोजत होते. नंतर म्हणाले, "आपल्याकडं पंच लागतात. दोन बाहेरची माणसं. नावाला का असेना, पण खात्याबाहेरची सही लागते." थोडं चालून पुन्हा थांबले. "नावालाच असते पुष्कळदा, हेही खरं."

सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा सूचना दिल्या होत्या: चकमकीत माणूस मेला की तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. लक्वानला मारलं तेव्हा त्याला महिनाही झाला नव्हता. अण्णांना ते परिपत्रक पाठ आहे. आपल्याकडं चकमकीनंतर पेढे वाटले जातात तेव्हा मला पहिला विचार येतो तो पंचनाम्याचा. तो कुणी लिहिला असेल, कुणाच्या समोर?

आणि हे सारं आपल्यापासून लांब आहे असं इथल्या मराठी घरांनी समजू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवासाठी आलेले एक आजोबा सकाळी फूटपाथवर फिरत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला, एक बारीकसा कृष्णवर्णीय माणूस फिरतोय म्हणून. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला मार बसून त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडलं.

माझ्या मुलाला आता शिकाऊ परवाना मिळालाय. माझ्या त्या सहकारीनं त्याला समोर बसवून शिकवलं: मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले की गाडी बाजूला घे, आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, कागद काढायचे तर आधी सांग, मग हात हलव. स्वतःच्या मुलाला शिकवलेलं जसंच्या तसं. सांगताना ती एकदाही अडखळली नाही.

२०२३ पासून शिकागोत प्रत्येक पोलीस विभागासाठी लोकांनी निवडलेले तीन प्रतिनिधी असतात, एकूण ६६. त्यांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात आणि ती नेमानं जाते. पुढच्या बैठकीला मीही तिच्याबरोबर जाणार आहे. अण्णांनी फोनवर एक प्रश्न सांगितलाय. मी तो इंग्रजीत नीट लिहून पर्समध्ये ठेवलाय: गोळी झाडल्यावर पहिला कागद कोण लिहितं, आणि त्यावर सही होण्याआधी कॅमेऱ्यातलं चित्र कोण पाहतं?