पंचवीसचा कट्टा

२२ जून, शनिवार

दर शनिवारी मी बालगृहातल्या मुलींना शिकवायला जाते. त्यांतल्या सहावीतल्या एकीला मी पस्तीस म्हटलं आणि तिने आजही ५३ लिहिलं. मागच्या शनिवारीही हेच झालं होतं. तेव्हा मी जरा चढ्या आवाजात "लक्ष कुठे आहे तुझं?" असं विचारलं होतं. त्यानंतर तासभर तिने वहीवरून मान वर केली नव्हती. आठवडाभर ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. म्हणून आज खोडरबर पुढे न करता विचारलं, "तुझ्या घरी पस्तीसला काय म्हणतात गं?"

बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मुप्पै ऐदु."

मुप्पै म्हणजे तीस आणि ऐदु म्हणजे पाच. तेलुगूत जसं बोलायचं तसंच लिहायचं, आधी तीस, मग पाच. मराठीत पस्तीस म्हणताना पाच आधी कानावर पडतात आणि तीस मागून येतात. तिने कानावर पडलं त्याच क्रमाने लिहिलं. ही पोर निष्काळजी नव्हती, उलट नको इतकी काळजीपूर्वक ऐकत होती.

सोलापुरात माझा जन्म गेला. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच नळावर ऐकू यायच्या. बँकेत कॅशच्या खिडकीपाशी मी स्वतः कितीदा तेलुगूत आकडे सांगितलेत. तरी हे माझ्या ध्यानात यायला दोन शनिवार जावे लागले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, असं त्या परोपरीने सांगत होत्या. मीही तेव्हा विरोध करणाऱ्यांतच होते. आपली भाषा बिघडवतात, असं वाटलं होतं. आज 'तीस पाच' म्हणाले आणि तिने क्षणात ३५ लिहिलं. मग 'साठ नऊ' म्हणाले, तेही बरोबर आलं. त्यानंतर मी दोघींच्या मध्ये वही ठेवून 'एकोणसत्तर' म्हणाले आणि दोघी मिळून तो शब्द सोडवत बसलो. पस्तीस, एकोणसत्तर हे शब्द तिला यायलाच हवेत. पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता तिच्या घरावरून जातो.

तिचं नाव इथे लिहिणार नाही. बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. ते कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं. एकदोन तपशील मुद्दाम बदललेत.

६ जुलै, शनिवार

अधीक्षिकाबाईंशी बोलले. माणूस चांगला आहे, कामाने वाकलेला. फाईल मला दाखवता येत नाही, ते बरोबरच आहे. पण शिकवण्यापुरतं जेवढं सांगता येईल तेवढं त्यांनी सांगितलं. दुसरीत असताना वडील गेले. आई आजारी पडली. काही महिने गावी आजीकडे काढले, शाळा नाही. मग बालकल्याण समितीपुढे आणलं, तिथून दुसऱ्या तालुक्यातलं एक बालगृह, ते बंद झाल्यावर हे. आता सहावीत बसते, कारण वयाने सहावीतली आहे.

कायद्यात हे असंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. पहिला अर्धा भाग लगेच होतो, त्याला एक सही पुरते. दुसऱ्या अर्ध्यासाठी कुणीतरी मुलाशेजारी बसावं लागतं, महिनोन्महिने.

प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना बनते. तिच्यात उंची, वजन, लस, आजार सगळं असतं. शिक्षणाच्या रकान्यात, बाईंनी सांगितलं त्याप्रमाणे, एवढंच लिहिलं होतं, 'इ. ६ वी, प्रगती साधारण'. हातच्याची वजाबाकी शिकवायच्या सुमारास तिची शाळा तुटली, हे कुठेच नाही. तिथून पुढचं सगळं, भागाकार, अपूर्णांक, दशांश, त्या खड्ड्यावर रचलेलं आहे. घर बदललं की फाईल मागोमाग येते, वह्या येत नाहीत. वह्या रद्दीत जातात. चार वर्षांत हिच्या वह्या दोनदा गेल्या.

लोक अजून 'अनाथाश्रम' म्हणतात. आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. तेव्हा तो शब्द चपखल असेल. इथल्या बहुतेक मुलींना मात्र आई किंवा बाप आहे, एखादीला दोघंही आहेत. त्या शब्दाने आई असलेल्या मुलीची आई आपण बोलता बोलता मारून टाकतो. 'रिमांड होम' हा शब्द तर शाळेतल्या पोरी एकमेकींच्या अंगावर फेकतात.

२४ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायचा आहे.

यांनी मंगळवारच्या बाजारातून दोन खराटे आणून दिले होते. मी काड्या बोटभर लांबीच्या तोडून पिशवीत भरून नेल्या, सोबत रबरबँड. दशक समजावायला दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, एवढाच बेत होता. तिच्यासमोर ढीग ओतला आणि म्हटलं, "दहाचा एकेक कट्टा बांध." कट्टा हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दोन दुणे पाच म्हणाले.

"बाई, दहाचा कट्टा नसतंय."

"मग?"

"पंचवीसचा असतंय."

आणि तिचे हात सुटले. काड्या ती आपल्यासारखी एकेक करून मोजत नव्हती. पाच-पाच उचलत होती, पाच वेळा. अंगठ्याने टोकं टेबलावर ठोकून सारखी केली, डाव्या मुठीत गोल फिरवली, आणि रबरबँड बाजूला सारून माझ्या पिशवीचा सुटलेला दोरा ओढून घेतला. दोन वेढे, एक गाठ. माझ्या डोळ्यांसमोर कट्टा उभा.

आई विड्या वळायची. सोलापुरात हे कुणाला सांगायला नको. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते. आई वळायची, ही शेजारी बसून मोजायची आणि बांधायची, शाळेत जायच्याही आधीपासून. "हजारला कट्टे किती?" मी विचारलं. "चाळीस," ती म्हणाली. मी अजून मनात भागाकार मांडत होते. ही तीच मुलगी, जिच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे लाल रेघ आहे.

मग मी सांगितलं की हे छोटे कट्टे आहेत, शाळेचे, दहाचे. तिला पटलं नाही, पण माझ्यासाठी तिने बांधले. पाच कट्टे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या. बावन्न. "यातल्या सत्तावीस मला दे."

वहीत हेच गणित तिने कालच केलं होतं आणि ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवले. असं शेकडो मुलं करतात. पण काड्यांशी खोटं बोलता येत नाही. तिने आधी दोन कट्टे माझ्याकडे सरकवले. मग दोन सुट्ट्या दिल्या. मग थांबली.

"सुट्ट्या संपल्या."

मी काही बोलले नाही. बाहेर मोठ्या मुली खो-खो खेळत होत्या, त्यांचा आरडाओरडा येत होता. तिने उरलेल्या तीन कट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कट्टा सोडू का?"

कारखान्यात विड्या देताना खराब म्हणून चार-पाच बाजूला काढल्या की कट्टा अपुरा पडायचा. मग आई दुसरा कट्टा सोडून त्यातून भर घालायची. हिने ते कितीदा पाहिलं होतं. हातचा म्हणतात तो हाच, हे फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा बत्तीस वर्षं कॅशमध्ये शंभराच्या गड्ड्या सोडून सुटे दिले, आणि मुलांना शिकवताना मात्र 'शेजारच्याकडून एक हातचा घे' एवढंच पुटपुटत आले.

तिने रबर काढला, पाच काड्या मोजून दिल्या. समोर उरलेलं मोजलं. दोन छोटे कट्टे आणि पाच सुट्ट्या.

"पंचवीस," ती म्हणाली. मग एकदम हसली. "बाई, पुरा कट्टा!"

ती हसताना मी पहिल्यांदा पाहिली.

३१ ऑगस्ट, शनिवार

पंधरा वजाबाक्या, चौदा बरोबर. चुकलेली तिने स्वतःच शोधली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

परवा बालदिन झाला. दिवसभरात तीन मंडळं येऊन गेली. तीन केक, तीन वेळा टाळ्या, तीन वेळा मुलींना रांगेत बसवलं. आज त्या पेंगुळलेल्या होत्या, दोघींची पोटं बिघडली होती.

देणाऱ्यांच्या मनात ओलावा असतो, तो मी पाहिला आहे. पण वाढदिवसाला येणारा माणूस दोन तासांत निघून जातो आणि 'काका परत कधी येणार' हा प्रश्न काळजीवाहक मावशींना महिनाभर पुरतो. मला कुणी विचारलं तर मी हात जोडून सांगेन की केक आणू नका, एक वार द्या. दर बुधवारी पाऊण तास. लेझीम येत असेल तर लेझीम शिकवा, शिवण येत असेल तर शिवण, सायकलचं पंक्चर काढता येत असेल तर तेही. येणार नसाल तर आधी कळवा, कारण या मुली दाराकडे बघत बसतात. मोठ्या माणसांनी न सांगता निघून जाणं त्यांनी पुरेसं पाहिलेलं आहे.

दहावीतल्या एकीला बीजगणिताची भीती नाही. तिला मार्चनंतरची भीती आहे. अठरा पूर्ण होतील. अठरानंतर बालगृह सोडलेल्या मुलींना राहता येतं त्या अनुरक्षणगृहाची माहिती तिला सांगितली. एकविसाव्या वर्षापर्यंत सोय होऊ शकते, अर्ज कसा करायचा ते परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सांगतील. ती ऐकत होती आणि वहीच्या मागच्या पानावर घर काढत होती. दाराला कुलूप होतं आणि किल्ली बाजूला वेगळी, मोठी काढलेली. यावर मी काही बोलू शकले नाही. समीकरण तसंच राहिलं.

आज मी सगळ्या मुलींसाठी एकेक शंभरपानी वही आणली. ती मुलीची नव्हे, मुलीबद्दलची. पहिल्या पानावर आकडे कोणत्या भाषेत मोजते ते. पुढे काय पक्कं झालं, काय अर्धं आहे, कशाने समजलं. 'नवाचा पाढा बोटांवर येतो', 'मोठ्याने वाचायला लाजते, जोडीने वाचते', 'नकाशा आवडतो'. अधीक्षिकाबाईंना विनंती केली की मुलगी इथून हलली तर ही वही फाईलबरोबर जाऊ द्या. त्या म्हणाल्या, नियमात असा रकाना नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पण नको असंही नियमात नाही.

४ जानेवारी, शनिवार

कट्टे बांधणाऱ्या माझ्या मुलीची आई बरी झाली आहे. गृहचौकशी झाली, समितीपुढे दोनदा सुनावणी झाली. मुलगी घरी जाणार. बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळावेत असा प्रस्तावही गेला आहे. कायदाही हेच सांगतो की संस्था हा शेवटचा पर्याय आहे, मुलाची जागा घरात. मी मनापासून आनंदले. रिक्षात बसल्यावर मात्र डोळे भरून आले. सहावीचे अपूर्णांक अर्धे राहिलेत.

१८ जानेवारी, शनिवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सुरू आहे, सगळ्या रस्त्यांवर गर्दी. मी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती, नवा फ्रॉक, वेणीला रिबन. आई कोपऱ्यात बाकावर बसली होती. माझ्याहून तीस वर्षांनी लहान असेल, हात माझ्याहून म्हातारे.

वही मी आईच्या हातात दिली. आईला मराठी वाचता येत नाही, म्हणून मुलीने पहिलं पान तेलुगूत समजावून सांगितलं. मध्येच 'हातचा' हा शब्द मराठीत आला आणि तिने दोन हातांनी कट्टा सोडल्याची खूण केली. आईने मान हलवली, तिला लगेच कळलं. मी आईला म्हटलं, "ही गणितात हुशार आहे. तुम्हीच शिकवलंत." तिला वाटलं मी तोंडदेखलं बोलतेय. मी पुन्हा म्हटलं. मग तिने पदराने तोंड पुसलं.

शाळेचं नाव, वर्गशिक्षिकेला द्यायची चिठ्ठी, सगळं वहीतच घातलं आहे. पान ३१ वर लिहिलंय, 'समान छेद झाले, असमान छेद बाकी'.

२५ जानेवारी, शनिवार

एक नवी मुलगी आली आहे, आठ वर्षांची. कुणाशी बोलत नाही. तिच्यासमोर ठेवायला म्हणून काड्यांचा डबा उघडला. दहा-दहाच्या जुड्या रबर लावून नीट रचलेल्या होत्या. सगळ्यांच्या खाली एक जाड जुडी निघाली. तिला रबर नव्हता. पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे, एक गाठ.

मी मोजून पाहिल्या नाहीत. नव्या मुलीने ती उचलली आणि गाठीवर बोट फिरवत बसली.