पेन्सिल दुसऱ्या तासाला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी होकार कळवला. स्नेहसंमेलनं, क्रीडास्पर्धा, ढाली, निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते चौथी ‘ब’च्या बाईंविषयी, आणि त्यातही बाईंच्या हिवाळ्याविषयी. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षांत शाळेत असलेल्या कुणालाही नुसतं ‘बाई’ म्हटलं की पुरतं.

आपली प्राथमिक शाळा सकाळची. डिसेंबर उजाडला की प्रार्थनेला रांगेत उभं राहताना एकमेकांचे चेहरेही धड दिसायचे नाहीत आणि हजेरी दिव्याच्या उजेडात व्हायची. बाकीच्या वर्गांत हजेरी संपली की शुद्धलेखन. आमच्या वर्गात नाही. थंडीचे दोन महिने पहिल्या तासाला पेन्सिल दप्तरातून बाहेर काढायचीच नाही, असा बाईंचा नियम होता. पाढे तोंडी, कविता तालावर, गणितंही तोंडी. मध्येच तळवे एकमेकांवर घासायचे, मुठी उघडायच्या-मिटायच्या, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत न्यायचा. बाई बाकांमधून फिरत आणि एकेकाची बोटं हातात घेऊन बघत. ती कोमट लागली की मगच म्हणत, “हं, आता वह्या काढा.”

याचं कारण त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आणि मुलांना कारण सांगणाऱ्या शिक्षिका मी पुढेही फार पाहिल्या नाहीत. अंगाला गारठा लागला की शरीर आधी छाती-पोटाची ऊब राखतं आणि हातापायांच्या टोकांकडचं रक्त कमी करतं. बोटं ताठतात, त्यांना पेन्सिलीची पकड नीट कळत नाही. मग अक्षर ओळीबाहेर जातं, वेळ जास्त लागतो आणि ओरडा मुलाला बसतो. “त्याचं अक्षर वाईट नाही, त्याची बोटं गार आहेत,” हे वाक्य बाईंनी पालकसभेत एका वडिलांना सर्वांसमोर ऐकवलं होतं. मुलं वर्गात सतरंजीवर बसलेली असत, म्हणून आम्हीही ते ऐकलं. ते वडील पुढे काय म्हणाले ते आठवत नाही, पण तो मुलगा त्या दिवसापासून ताठ बसायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच सभेत बाई झोपेविषयीही बोलत. थंडीत पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवू नका, रात्री लवकर निजवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असं आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाईंनी तेव्हा आकडा सांगितला नव्हता. जांभया देणारी मुलं त्यांना रोज समोर दिसत होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं. मुख्याध्यापकांकडे जाऊन त्यांनी चौथीचं गणित पहिल्या तासावरून तिसऱ्या तासाला नेलं. नाताळच्या सुट्टीनंतर तरी जुनं वेळापत्रक लावू या, दिवस मोठा व्हायला लागलेला असतो, असं सर म्हणाले. त्यावर बाईंनी त्यांना दिनदर्शिका उघडून दाखवली. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो खरा, पण तो संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. सकाळच्या शाळेतल्या मुलांसाठी सगळ्यात काळोखी सकाळ डिसेंबरात नसते, जानेवारीत असते. सरांनी वेळापत्रक जानेवारीअखेरपर्यंत तसंच राहू दिलं.

दुसऱ्या तासाला आम्ही दक्षिणेकडच्या व्हरांड्यात. तो लांब व्हरांडा आठवतो ना? थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिरपं ऊन पार भिंतीपर्यंत आत यायचं. सतरंज्या टाकायच्या, पाठीवर ऊन घ्यायचं, डोळ्यांवर नाही. वही सावलीत, पाठ उन्हात, अशी बसायची पद्धतसुद्धा बाईंनी घालून दिलेली. वर्गात असू तेव्हा प्रत्येक तास संपला की समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ सताड उघडायच्या. आम्ही कुरकुरायचो, पण त्या ऐकायच्या नाहीत. चाळीस-पन्नास मुलं दारं-खिडक्या लावून बसली की खोकला सगळ्यांत वाटला जातो, असं त्यांचं म्हणणं. आणि हात धुणं! साबण लावून दोनाचा पाढा सावकाश दोनदा म्हणायचा, मगच नळाखाली हात. आज वीस सेकंद साबण चोळा असं जगभर सांगतात. तो पाढा सावकाश दोनदा म्हटला की बरोबर तेवढाच वेळ लागतो.

स्वेटरांच्या पेटीचं मात्र सांगायलाच हवं. काही मुलं नुसत्या सदऱ्यावर यायची. बाईंनी आयांना गोळा करून स्वेटर विणून घेतले, एकाच निळ्या लोकरीचे, आणि ती पेटी वर्गाची केली. नियम असा की शाळेत आल्यावर सगळ्यांनी पेटीतलाच स्वेटर घालायचा आणि घरून आणलेला दप्तरात ठेवायचा. त्यामुळे कुणाकडे स्वेटर नाही हे वर्गात कुणालाच कळलं नाही. मलाही ते खूप मोठी झाल्यावर, आईच्या बोलण्यातून कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती.

वर्गामागच्या मोकळ्या जागेत बाईंनी एक मीटरची काठी रोवली होती. तिची भर दुपारची सावली आम्ही मोजायचो. ती बाराला सगळ्यात आखूड होईल असं आम्हाला वाटायचं, पण बारानंतरही ती आखूडच होत जायची आणि साडेबाराच्या आसपास कुठे थांबायची. “घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, सूर्य ज्याच्या त्याच्या गावाचा,” बाई म्हणाल्या होत्या. शाळा सुटल्यावर दोघांनी थांबून मोजमाप घ्यायचं, बाई सोबत थांबायच्या. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत सावली ९१ सेंटीमीटरच्या आसपासच रेंगाळली. काठीतच काहीतरी बिघडलंय, असं आम्हाला वाटलं. बाईंनी टॉर्च आणून कागदावर सरळ धरली, मग तिरपी धरली. तिरप्या टॉर्चचा उजेड पसरला आणि फिका झाला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून ऊन तिरपं आणि दिवस लहान, म्हणून थंडी. सूर्य लांब जातो म्हणून नव्हे. उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरच्या आसपास. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. हे ऐकून वर्ग कितीतरी वेळ गप्प बसला होता.

आणि नेमक्या जानेवारीत मला कांजिण्या झाल्या. खपल्या धरेपर्यंत शाळा बंद. आजारी मुलांसाठी बाईंची व्यवस्था ठरलेली होती. बाकावरच्या शेजाऱ्याने वहीच्या पानाखाली कार्बन पेपर आणि कोरा कागद घालून लिहायचं आणि शाळा सुटल्यावर ती प्रत आजाऱ्याच्या दारात नेऊन द्यायची. माझी शेजारीण इतकं दाबून लिहायची की तिच्या पेन्सिलीचं टोक दर दोन ओळींना मोडायचं. तिसरीपर्यंत ती त्यासाठी बोलणी खात आलेली. बाईंनी तिच्या हाताखाली कार्बन दिला आणि म्हणाल्या, “तुझ्याइतकी स्पष्ट प्रत वर्गात कुणाची निघत नाही.” त्यानंतर कुणीही आजारी पडो, कार्बन तिच्याकडेच जायचा.

ते निळे कागद रोज यायचे. वर मराठीचा धडा, मध्ये गणितं आणि सगळ्यात खाली एक ओळ : आजची सावली. ८७. मग ८६. मग पुन्हा ८६. मग ८५. मी अंथरुणात पडून ते आकडे एकाखाली एक लिहून ठेवायची. अंगाची आग होत असायची, खाजवायला बंदी, पण दुपार टळली की दाराकडे कान लागायचे. एक दिवस खाली लिहिलेलं आलं : “आज ढग. सावली नाही.” आणि त्याखाली कार्बनचं नव्हे, बाईंच्या लाल शाईतलं अक्षर होतं : “उद्याची किती येईल? विचार करून कळव.”

मी आकड्यांतल्या वजाबाक्या केल्या. आधी सावली हलतच नव्हती, आता दोन दिवसांत एखाद सेंटीमीटरने हलते आहे. मी ८४ लिहून चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्या संध्याकाळच्या कागदावर ८४ होते, आणि लाल शाईत : “तुझं नाव घालून तुझा अंदाज सकाळीच फळ्यावर लिहिला होता. सगळा वर्ग मोजायला थांबला.”

तो कागद माझ्याकडे अजून आहे. कार्बन फिका झालाय, लाल शाई नाही.

मी वास्तुरचनाकार झाले. आजवर माझ्या हातून ज्या इमारती झाल्या त्यांत शाळा सगळ्यात जास्त आहेत, आणि त्यांतल्या काही कामांना पुरस्कारही मिळाले, हे इथे अभिमानाने लिहिते. मागे आम्स्टरडॅमला गेले तेव्हा यान डायकर यांनी बांधलेली क्लिओस्ट्राटवरची खुल्या हवेतली शाळा मुद्दाम पाहायला गेले. ती १९३० सालची. काचेचे वर्ग आणि त्यांना जोडलेल्या उघड्या गच्च्या, मुलांना ऊन आणि हवा मिळावी म्हणून. अशा शाळांची सुरुवात १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गच्या वनशाळेपासून झाली. क्षयाच्या धास्तीच्या काळात नाजूक प्रकृतीच्या मुलांना बाहेर शिकवायचं, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला १९०८ मध्ये तशी शाळा निघाली, तिथे तर ऐन हिवाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून मुलं पांघरुणाच्या पिशव्यांत बसून शिकत. आम्स्टरडॅमच्या त्या गच्चीवर उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर आपला व्हरांडा होता. बाईंनी यातलं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी मुलांकडे पाहून तेच शोधून काढलं होतं.

कामानिमित्त वर्गांतली हवा मोजणारं छोटं यंत्र माझ्या पिशवीत असतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. मुलांनी भरलेल्या, खिडक्या लावलेल्या वर्गात तो हजाराच्या वर सहज जातो, कधी दोन हजारही ओलांडतो. अशा वर्गात डोळे जड होतात. शिक्षक म्हणतात, मुलं थंडीत आळसावतात. मी मुलांना उठून खिडक्या उघडायला सांगते.

म्हणूनच मागच्या जानेवारीत शाळेत येऊन गेले तेव्हा वाईट वाटलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवी इमारत देखणी आहे, संगणककक्ष उत्तम आहे. पण दक्षिणेच्या बाजूला आता वाहनतळ आहे आणि प्राथमिकचे वर्ग उत्तरेकडे गेलेत, जिथे हिवाळ्यात ऊन पोचतच नाही. सरकत्या खिडक्यांची एक बाजू कायमची बंद. पहिल्याच तासाला पहिलीची चिमुरडी फळ्यावरचं उतरवून घेत होती आणि एक मुलगी पेन्सिल मुठीत धरून लिहीत होती. आजारी मुलाचा अभ्यास आता पालकांच्या मोबाइलवर जातो. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण कुणी दारात येत नाही, आणि मुलाचं नाव फळ्यावर लागत नाही.

बाई आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले होते. खोलीची खिडकी बंद होती. त्यांनी मला बसायलाही न सांगता आधी ती उघडायला लावली, मग माझे हात हातात घेऊन बघितले आणि विचारलं, “शाळा बांधतेस ना? व्हरांडा ठेवतेस?” ठेवते, म्हटलं. नंतर बराच वेळ त्या माझ्या शेजारणीची चौकशी करत होत्या. ती आज मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं वाचायचं आणि उतरवून घ्यायचं काम करते, हे ऐकून त्यांना काय आनंद झाला!

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी त्या निळ्या कागदांच्या प्रती मी समितीकडे पाठवल्या आहेत. मूळ कागद देववत नाहीत, त्याबद्दल राग नसावा. वाहनतळ पूर्वेच्या फाटकाकडे हलवून दक्षिणेला प्राथमिकसाठी पुन्हा व्हरांडा काढता येईल, असा आराखडाही मी करून ठेवला आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छपराची पुढे आलेली कड ऊन अडवेल आणि थंडीत तेच ऊन खालून आत येईल. माझा मोबदला काही नाही. विश्वस्त मंडळाने बैठकीची तारीख कळवावी. नोव्हेंबरपूर्वी काम सुरू झालं तर पुढच्या जानेवारीत चौथीची मुलं तिथे बसू शकतील, आणि काठी रोवायला मागची जागा अजून मोकळी आहे, ती मी मोजून आले आहे.