जरा सरकता का

लोकलमध्ये तीन जणींच्या बाकावर चौथी बसते हे मुंबईबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. बसते म्हणजे काय तर टेकते, अर्धी बाकावर अर्धी हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवून, आणि दर ब्रेकला समोर उभ्या असलेल्या बाईच्या पर्सवर जाऊन आदळते. तरी त्या जागेला सीट म्हणतात, चौथी सीट, आणि ती मिळवायला फक्त एवढंच म्हणायचं असतं की "जरा सरकता का". मी बावीस वर्षं मुलुंड ते भायखळा करतेय आणि मला ते म्हणता येत नव्हतं.

बाकीच्या बायकांना बघावं. गाडीत चढता चढताच "किधर उतरेंगे?" असं चार जणींना विचारून झालेलं असतं, विक्रोळीवाली कोण, घाटकोपरला मेट्रोसाठी उतरणारी कोण, सगळ्यांचं बुकिंग होतं, आणि कोणी दादर म्हणाली की लगेच मागून आवाज येतो, "दादर मैंने बोला है". सगळा कारभार तोंडी, ना पावती ना रजिस्टर, आणि तरी सहसा कोणी शब्द फिरवत नाही. सरका म्हटलं की तिघी सरकतात. आधी एक "च्च" होतो, ओढणी आवरली जाते, कपाळाला आठी पडते, पण सरकतात. मी त्या "च्च"ला घाबरायचे. पाऊण तास उभी राहीन, पोटऱ्यांना गोळे येऊ देत, पण "च्च" नको.

गंमत म्हणजे लोकांचं ऐकायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. प्लॅटफॉर्मवर चार बायका पुलाकडे पळाल्या की मीही पळते, आणि पुलावर पोचल्यावर शेजारणीला विचारते काय झालं हो, तर तिलाही माहीत नसतं. नवरात्रात राखाडी रंग आला तर राखाडी साडी, जी मला आजारी माणसासारखी दिसते, ती मी मुद्दाम विकत घेऊन नेसलेली आहे.

लेक सायकोलॉजी शिकते, टीवायला आहे. त्यामुळे आमच्याकडे रात्री जेवताना आमटीबरोबर प्रयोगही वाढले जातात. हे पळण्याचं सांगितलं तर ती म्हणाली, आई, हे मिलग्राम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली छापून ठेवलंय. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर त्याने आपली माणसं उभी केली आणि समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे नुसतं बघत राहायला सांगितलं. एकटा माणूस बघत असला तरी येणाऱ्याजाणाऱ्यांतले शंभरातले चाळीसेक मान वर करायचे, आणि पंधरा जण बघायला लागले की ८६. "तू त्या ८६ मधली," असं म्हणून तिने अजून एक पोळी घेतली. मिलग्राम म्हणजे तोच, शॉकवाला. कोटातला माणूस सांगतोय म्हणून साधी माणसं दुसऱ्याला ४५० व्होल्टपर्यंत शॉक द्यायची बटणं दाबत जातात हे ज्याने दाखवलं तो. शॉक खोटे होते, बटणं दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं एवढंच. मला तो माणूस ऐकूनच थोडा भीतीदायक वाटायचा, पण पुढे माझं त्याच्याशी जमलं, ते कसं ते सांगते.

मागच्या जूनमध्ये आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, घरी आणली, दिवसा सांभाळायला एक मावशी मिळाल्या, रात्र माझी. रात्र माझी म्हणजे दोन वाजता कूस बदलून द्या, साडेतीनला पाणी, पाचला ती विचारणार की तू झोपली नाहीस का अजून. नवरा बोटीवर, चार महिन्यांनी येणार. लेकीची परीक्षा. भाऊ दहिसरला, वेस्टर्न लाइनला, आणि सेंट्रलवाल्यांना विचारा, दहिसर म्हणजे जवळपास परदेशच. कोणी विचारलं कसं चाललंय तर मी म्हणायचे मस्त. का म्हणायचे माहीत नाही, तोंडातून तेच निघायचं.

ऑफिसमध्ये त्याच महिन्यात स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं होतं, सहा वाजल्यानंतर. एक छान इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ आले आणि डोळे मिटून समुद्रकिनारा बघा म्हणाले. मला डोळे मिटल्यावर फक्त सहा सत्तावीसची गाडी दिसत होती, जी चुकली. श्वासाचा व्यायाम वाईट नसतो, खरंच बरं वाटतं, पण माझ्या छातीवर जे बसलं होतं त्याला मुळात कोणीतरी उचलायला हवं होतं, एका बाजूने का होईना.

तर असाच एक गुरुवार. रात्रभर जागरण, गाडी ठाण्याहूनच गच्च भरून आलेली, मी दोन बाकांच्या मधल्या खाचेत उभी, आणि नाहूरच्या पुढे माझे गुडघे थरथरायला लागले. समोर बसली होती मोगरावाली. हे नाव मी ठेवलेलं, रोज केसात मोगऱ्याचा गजरा आणि मांडीवर हिरवी डब्याची पिशवी. बारा-तेरा वर्षं आम्ही एकाच डब्यात, एकमेकींना बघतोय, एकदा ती महिनाभर दिसली नाही तर मला काळजीही वाटली होती, पण एक शब्द बोललेलो नाही. मी तोंड उघडलं, मिटलं. भांडुप आलं. परत उघडलं, परत मिटलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. कांजूरमार्ग सुटल्यावर एकदाचं निघालं, तेही सरकता का नाहीच, भलतंच निघालं, "मी बसू का जरा तुमच्या जागेवर?"

ती उठली पण! माझं वाक्य संपायच्या आधी अर्धी उभी होती. काही विचारलं नाही, "च्च" नाही, काही नाही.

आणि इथे मी घोळ घातला. एवढ्या सहज जागा मिळाली याचीच मला इतकी लाज वाटली की मी बसता बसता म्हटलं, "चक्कर येतेय हो". येत नव्हती. मग काय, पूर्ण डबा कामाला लागला. एकीने लिंबाची गोळी दिली, एकीने आवळा सुपारी, खिडकीवालीने बाटलीतल्या पाण्यात ग्लुकोज पावडर ढवळली, "पंखा इधर घुमाओ" असा मागून हुकूम सुटला आणि कोणीतरी कंगवा घालून पंखा फिरवलासुद्धा, आणि कानातले विकणारी मुलगी अतिशय मायेने वाकून म्हणाली, "आँटी, कोई गुड न्यूज?" माझं वय अठ्ठेचाळीस. आता चक्कर आलीच आहे तर ती दिसायला नको का, म्हणून मी डोळे मिटून, मान खाली घालून, पदराने वारा घेत घाटकोपरपर्यंत नाटक केलं, आणि काय सांगू, विद्याविहारला मला खरंच गरगरायला लागलं.

रात्री लेकीला सांगितलं तर तिला हसता हसता ठसका लागला. म्हणाली, आई, मिलग्रामचं अगदी हेच झालं होतं! त्याला त्याच्या सासूबाईंनी एकदा विचारलं म्हणे की हल्लीची तरुण मुलं पिकल्या केसांच्या बाईला ट्रेनमध्ये जागा का देत नाहीत. (सासूबाईंचे प्रश्न जगभर सारखेच.) हा म्हणाला, तुम्ही मागितली का? आणि मग त्याच्या डोक्यात ते घुसलंच, विद्यार्थ्यांना म्हणाला, जा, सबवेत, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत जाऊन धडधाकट माणसांकडे काही कारण न देता सीट मागा. वर्ग गप्प. शेवटी एक जण तयार झाला, वीस जणांना विचारायचं ठरलेलं तर चौदावरच परत आला, फार अवघड आहे म्हणाला. मिलग्रामला वाटलं यात काय अवघड, म्हणून स्वतः गेला. तर प्रोफेसरसाहेबांच्या घशात शब्द अडकले! माघारी वळले, परत गेले, एकदाचं कसंबसं विचारलं, त्या माणसाने लगेच जागा दिली, आणि मिळालेल्या सीटवर बसल्यावर यांना आजारी असल्यासारखं वागून दाखवायची इतकी जबरदस्त गरज वाटली की डोकं गुडघ्यात घालून बसले, चेहरा खरोखरच पांढराफटक. कोटातल्या माणसाचं लोक निमूट का ऐकतात हे जगाला सांगणारा माणूस, आणि एक सीट मागताना घाम फुटला. तेव्हापासून मला तो आवडतो.

पुढे विद्यार्थ्यांनी तो प्रयोग नीट केला. काही कारण न सांगता मागितलं तर शंभरातल्या ६८ जणांनी जागा दिली, उठून किंवा सरकून. सरकणारेही धरलेत, म्हणजे चौथी सीट न्यूयॉर्कलाही आहे. त्याहून मजेशीर पुढचं, "मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं फुटकळ कारण दिलं तर देणारे ४२ वर आले. कारण न देणाऱ्याबद्दल समोरचा बहुधा स्वतःच समजून घेतो की काहीतरी असेल बिचाऱ्याला, आणि कारण दिलं की ते वजन करून बघतो. माझी चक्कर फुकटच गेली म्हणायची.

पण गाडीतलं राहिलंच. मोगरावाली माझ्यासमोर उभी होती, एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. नाडी बघत असेल असं मला आधी वाटलं. सोडेचना. लेक म्हणते त्यावरही प्रयोग आहे, २००६ मधला, सोळा विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून आता घोट्याला हलका शॉक बसेल असं सांगायचे, आणि नवऱ्याने हात धरला असेल तर मेंदूतली घाबरगुंडी कमी व्हायची, अनोळखी माणसाने धरला तरी थोडीशी व्हायची, नवऱ्याइतकी नाही. मोगरावालीला अनोळखी म्हणायचं का हा प्रश्नच आहे. मिलग्रामने अशा माणसांनाही नाव देऊन ठेवलंय, ओळखीचे अनोळखी, स्टेशनवर वर्षानुवर्षं दिसणारे आणि कधीच न बोललेले. आता पुन्हा मिलग्राम म्हटलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून थांबते.

कुर्ला गेल्यावर ती खाली वाकून हळूच म्हणाली, "चक्कर नाहीये तुला. झोप नाही झालेली. घरात कोण आजारी आहे?"

कुर्ला ते दादर मी सगळं सांगून टाकलं. आईचा खुबा, दोन वाजताची कूस, बोट, परीक्षा. तिने मध्ये एकदाही "होईल सगळं नीट" वगैरे म्हटलं नाही. फक्त विचारलं, "भाऊ नाहीये?"

"आहे. दहिसरला. त्याला नाही जमणार."

"तू विचारलंस का?"

"त्याचं सगळं..."

"विचारलंस का ते सांग ना."

ती स्वतः व्हीटीपर्यंत जाणारी. तशीच उभ्याने गेली. गजऱ्यातली दोन फुलं माझ्या ओटीत टाकून मात्र.

भावाला फोन करायला मला अजून चार दिवस लागले. मनात रंगीत तालीम चालायची, तो काय म्हणेल, वहिनी मागून काय म्हणेल, आणि त्या तालमीत तो नेहमी नाहीच म्हणायचा. लेकीने इथेही एक प्रयोग पुरवला, २००८ चा आहे, पाच जणांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा तर किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज लोकांनी वीसेकचा केला आणि प्रत्यक्षात दहा-अकरातच काम झालं. मी म्हटलं, ते परके होते गं, हा सख्खा भाऊ आहे. तिला पटलं ते.

फोनवर त्याने आधी "च्च" केलंच. स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाला, "मला वाटलं तुला तुझ्या घरात कोणी लुडबुड केलेली चालत नाही." हे तो रागाने म्हणाला की खरंच तसं वाटत होतं, मला कळलं नाही, आणि थोडं खरंही आहे ते. शनिवारची रात्र येतो म्हणाला. फक्त शनिवार. आईजवळ झोपायचा आणि सकाळी पोहे खाऊन घाटकोपरमार्गे मेट्रोने परत. चौथ्या सीटइतकंच सरकला म्हणजे, पण मला आठवड्यातून एक रात्र सलग सात तास मिळाली, आणि ती झोप कशी असते हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ऑफिसातही विचारून बघितलं, महिनाभर अर्धा तास उशिरा येऊ का. तिथे मात्र गोड हसून पॉलिसी दाखवली. ६८ सोडून उरलेले ३२ कुठेतरी नोकरी करत असणारच ना.

आई आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. मोगरावालीचं नाव मला अजून माहीत नाही, विचारायची वेळ टळून गेली, आता विचारणं फारच विचित्र वाटेल. ती मला "काय गं चक्कर" अशी हाक मारते.

परवा कांजूरमार्गला एक मुलगी चढली, पंचविशीची, लॅपटॉपची जाड बॅग, डोळे तांबडे. समोर येऊन उभी राहिली, ओठ हलले, काही आवाज नाही. मी मोबाईलमध्ये बघितल्यासारखं केलं, खोटं का बोला. विक्रोळीला एकदाची म्हणाली, "आँटी, थोडा सरकेंगे? कुर्ला उतर जाऊंगी." माझ्या तोंडून "च्च" निघाला, मलाच ऐकू आला. सरकले.

कुर्ला गेलं. दादर गेलं, तशी गाडी रिकामी होत गेली आणि ती सरकत सरकत खिडकीशी पोचली. भायखळ्याला मी उतरले तेव्हा खिडकीच्या गजांना डोकं टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, ती गाढ झोपली होती.