अंधारातले ते काही सेकंद

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, चादरीचा पडदा करून, गेल्या शनिवारी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) हा सिनेमा दाखवला, एका म्हाताऱ्या शाहिरावर चाललेल्या खटल्याचा. सतरा जण होतो. माझा जीव अडकलेला होता एकाच जागेत: न्यायालयाचं काम संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळाच राहतो.

"संपला वाटतं," म्हणत चौघं उठले. कुणी मोबाइलच्या उजेडात चपला शोधू लागलं. मला सांगावंसं वाटत होतं, पण गप्प राहिले. तो अंधार ज्याचा त्यानं भोगायला हवा. मग एकदम दिवसाचा उजेड. न्यायाधीश सहलीला निघालेत! उठलेले तिथेच टाकीला टेकून उभे राहिले.

शेवटी न्यायाधीश बागेत बाकावर झोपलेत. पोरं ओरडून उठवतात, एकाला थोबाडीत बसते, आणि ते पुन्हा डोळे मिटतात. बस्स.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "दमलाय बिचारा." तळमजल्यावरच्या काकू मात्र ताडकन म्हणाल्या, "त्या शाहिराला तरी दुसरं काय मिळालं?" दोघींचं मला पटलं, अजून पटतंय.

काल सकाळी भाजीच्या गाडीपाशी काकूंनी मेथीची जुडी हातात धरूनच विचारलं, "अगं, पण तो पोरगा रडला का गं नंतर?"

रविवारी पुन्हा लावतोय, फक्त शेवटची वीस मिनिटं.