"आजीला ऐकू येत नाही"

आज शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं, सामाजिक उद्योगच, म्हणजे समाजाचा एखादा प्रश्न सोडवणारा व्यवसायच, का? एक मुलगी म्हणाली, "आजीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी यंत्र शोधताना कळलं, पैशांअभावी किती जण असेच गप्प बसून असतात." पुढे कुणालाच बोलवेना.

सामाजिक उद्योगांचे अभ्यासक काई हॉकर्ट्स यांच्या २०१७च्या अभ्यासातही हेच दिसतं: प्रश्न जवळून पाहिलेला असला की असा उद्योग काढण्याचा इरादा बळावतो, आणि सगळ्यात जास्त वजन 'मला हे जमेल' या विश्वासाचं. तो नुसत्या वर्गात येत नाही, असं मला ठाम वाटतं. बांगलादेशात गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभारणारे मुहम्मद युनूसही अर्थशास्त्र शिकवता शिकवता विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात गेले, १९७६मध्ये. तिथल्या ४२ जणांची मिळून गरज होती अवघी २७ डॉलरची.

निघताना ती मागून धावत आली, "मॅडम, सुरुवात कुठून करू?" उद्या दोघी बसतोय.