मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात ज्युरी ड्युटी: माझा अनुभव

नागरिकत्व घेतलं, मतदार यादीत नाव गेलं आणि यथावकाश टपालाने समन्स आलं: सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क (मॅनहॅटनचं फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालय), ज्युरी सेवेसाठी हजर राहा. ठाण्याहून आईचा पहिला प्रश्न, "आता कशात अडकलीस?" कोर्टाचा कागद घरी आला की आपल्याकडे असंच होणार. त्यातून आमच्या घरात ज्युरी म्हणजे नानावटी खटला. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नौदलातल्या कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरी उरलीच नाही. निकाल सामान्य माणसांच्या हाती देऊ नये, हे बाळकडू घेऊनच मी पर्ल स्ट्रीटवर पोचले.

ऑनलाइन प्रश्नावली, सुरक्षा तपासणी, मोठ्या हॉलमध्ये माहितीची फिल्म, हे सगळं सरळ होतं. मग नुसतं बसून राहणं. पुस्तक जवळ ठेवा.

नाव पुकारल्यावर कोर्टरूममध्ये गेलो. ज्युरी निवडण्याआधी आम्हाला प्रश्न वकील विचारतील असं वाटलं होतं, पण फेडरल कोर्टात ते बहुतेक वेळा न्यायाधीश स्वतःच विचारतात. कुठे राहता, काय करता, घरात कोण काय काम करतं, बातम्या कुठे वाचता, मोकळ्या वेळात काय करता. मी "मराठी नाटकं बघते" म्हटल्यावर न्यायाधीश बाईंनी मान वर करून विचारलं, "इथे, न्यूयॉर्कमध्ये?" "न्यू जर्सीत," मी म्हटलं, आणि अख्खी खोली हसली. मला वाटलं सुटले. कसलं काय, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे नको असलेल्या ज्युरींना वगळायचे नकार वापरून झाले तरी मी खुर्चीतच.

केस दिवाणी होती. वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन कंपन्यांचा करार फिसकटलेला आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर, म्हणून मामला फेडरल कोर्टात. पहिलीच ताकीद: केसबद्दल घरी बोलायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टाबद्दलच वाचायला लागले. त्याला मनाई नव्हती.

या कोर्टाला 'मदर कोर्ट' म्हणतात. ३ नोव्हेंबर १७८९ ला ते भरलं, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची पहिली बैठक व्हायच्याही आधी. पहिले न्यायाधीश जेम्स डुएन. जवळच्याच डुएन स्ट्रीटला त्यांचं नाव आहे. पेंटॅगॉन पेपर्स (व्हिएतनाम युद्धाबद्दलची गुप्त सरकारी कागदपत्रं) छापायला न्यूयॉर्क टाइम्सला बंदी घालायला १९७१ मध्ये नकार देणारे मरे गर्फीन इथलेच, आणि तेव्हा ते या पदावर अगदी नवे होते. १९९५ मध्ये बेसबॉलचा संप मिटायला ज्यांचा आदेश कारण ठरला त्या सोनिया सोतोमायोर इथल्याच. मला सगळ्यांत आवडल्या कॉन्स्टन्स बेकर मोटली. १९६६ मध्ये फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानातल्या खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये महिला पत्रकारांना मज्जाव करता येणार नाही, हा १९७८ चा निकाल त्यांचा. २०२३ मध्ये अरुण सुब्रमण्यन इथले पहिले दक्षिण आशियाई न्यायाधीश झाले. राष्ट्राध्यक्ष नेमणार, सिनेट मान्यता देणार, आणि मग तहहयात पद. निवडणूक नाही, बदलीची टांगती तलवार नाही.

एवढा अधिकार असलेली व्यक्ती आम्ही आठजण आत शिरलो की उभी राहायची. रोज. या गोष्टीची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

खरी कसोटी बंद खोलीत. निकाल एकमताने हवा होता. आमच्यापैकी सातजणांचं मत लवकर ठरलं. एक निवृत्त बसचालक अडून बसले. एका ईमेलवरची तारीख आणि करारातली मुदत जुळत नाही, हे त्यांचं म्हणणं. आम्ही कंटाळलो होतो, खरं सांगायचं तर चिडलोही होतो. शेवटी फोरपर्सनने, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाने, कागदावर प्रश्न लिहून बाहेर पाठवला, सगळे पुन्हा कोर्टरूममध्ये, न्यायाधीशांनी कायद्याची ती ओळ परत वाचून दाखवली आणि तिथेच थांबल्या. तारखेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाल्या. परत येऊन तो ईमेल टेबलावर पसरला, तेव्हा गृहस्थ बरोबर होते हे उघड झालं. नुकसानभरपाईचा आकडा आम्ही बराच खाली आणला.

दिवसाला ५० डॉलर मिळतात. कंपनीने त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असं फेडरल कायदा म्हणत नाही. मात्र ज्युरीला गेल्याबद्दल कामावरून काढता येत नाही. तारीख अडचणीची असेल तर आधीच कळवून पुढे ढकलून मागता येते. समन्स हातात पडलं की त्याची प्रत त्याच दिवशी एचआरला पाठवा.